छोटा घ्यावा की मोठा

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे काय, पाच ओळी. त्यातली एक तारीख, एक सही. उरलेल्या तिनांत तू विचारलंस की लांब झूमचा छोटा कॅमेरा घ्यावा की लेन्स बदलता येणारा मोठा डीएसएलआर, आणि दोन्हींत नेमका फरक काय. ‘कसा आहेस’ नाही, ‘वहिनी कशी आहे’ नाही. चार वर्षांनी बहिणीचं पत्र यावं आणि त्यातून गिऱ्हाइकाचा प्रश्न निघावा, हे माझ्याच वाट्याला यायचं.

मी ते काउंटरवर उभ्या उभ्या तीनदा वाचलं. मालकांनी विचारलं, “कोणाची तक्रार आलीय का?” मी म्हटलं, “अजून कळत नाही.”

तर ऐक. छोटा कॅमेरा पर्समध्ये मावतो. एकच लेन्स, ती बाहेर येत येत इतकी लांब जाते की समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाची बटणं मोजता येतात. काही बदलायचं नाही, काही पुसायचं नाही. पण आतला उजेड टिपणारा सेन्सर नखाएवढा. उजेड कमी झाला की फोटोत दाणे येतात आणि झूम पूर्ण ताणला की हात जरा हलला तरी चित्र पुसट. मोठ्याचा सेन्सर मोठा, त्यामुळे कमी उजेडातही माणसाचा चेहरा माणसासारखा येतो. बटण दाबलं की त्याच क्षणी फोटो, छोट्यासारखा विचार करत बसत नाही. पण गळ्यात वीट बांधल्यासारखं वजन. दूरचं हवं तर वेगळी लेन्स, जवळचं हवं तर वेगळी. लेन्स बदलेपर्यंत माणसं उठून जेवायला जातात.

आता कुठला घ्यायचा हे मी काउंटरवर कधीच थेट सांगत नाही. तीन प्रश्न विचारतो. फोटो कशाचे काढायचे? ते हलतं का? उजेड किती? उत्तरं आली की माणूस स्वतःच बोट दाखवतो. तुलाही तेच विचारतो.

चौथा प्रश्न मी गिऱ्हाइकांना विचारत नाही, पण तुला विचारतो. शहरात कॅमेऱ्याची चाळीस दुकानं असतील. मलाच का विचारलंस?

त्या दिवसाचा विषय मी काढत नाहीये. तूही काढला नाहीस, ते बरं केलंस.

तुझा,
दादा

१५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तीन प्रश्नांची तीन उत्तरं आली. घरातली माणसं. हलतात. दिवे पिवळे आणि खिडकी एकच. चौथ्याचं उत्तर नाही. खाली मात्र अजून एक ओळ आहे: ‘कॅमेरा ह्यांच्यासाठी हवाय. हे गेल्या महिन्यात रिटायर झाले.’

म्हणजे भाऊजींसाठी. मी जेवत होतो, घास तसाच हातात राहिला. त्या दिवशी हॉलच्या दारात भाऊजी म्हणाले होते की आयुष्यात परत कॅमेऱ्याला हात लावणार नाही. आणि ते बोलतात ते करतात, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेहतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. काम झालं की आधी स्वतः आत बसून दोनदा वरखाली जाणार, मगच लोकांना आत सोडणार. असा माणूस उगीच शब्द फिरवत नाही. मग आता काय झालं? माझ्यावरचा राग गेला, की राग आहे तसाच ठेवून त्यांना फक्त कॅमेरा हवाय? मला काहीच समजेनासं झालंय.

माझा सल्ला छोट्याचा. हलका, सोपा, उघडायला-काढायला फार काही नाही. भाऊजींकडे तसाच एक होता ना? आईच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला ते घेऊन आले होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, “हे खेळणं आत ठेवा भाऊजी, आज खरा कॅमेरा आलाय.” लोक हसले, तेही हसले आणि त्यांनी तो पिशवीत ठेवला. मी दुकानातला सगळ्यात भारी कॅमेरा मालकांना विचारून एका दिवसासाठी आणला होता. त्या मिजाशीत मी सगळ्यांना फोनसुद्धा खिशात ठेवायला लावले. म्हटलं, एक जण फोटो काढत असला की माणसं नीट बघतात, दहा जण काढायला लागले की दहा दिशांना बघतात. हे खरंही आहे.

मग ते मेमरी कार्डाचं झालं. पुढचं तुला माहीतच आहे.

तुझ्या वहिनीने हे पत्र वाचलं. म्हणाली, “तुम्ही कॅमेरा विकताय की वकिली करताय?”

दादा

१६ फेब्रुवारी

भिंगरी,

कालचं पत्र रद्द समज. छोटा नको. पिवळे दिवे, एकच खिडकी, हलणारी माणसं! असं गिऱ्हाईक दुकानात आलं असतं तर मी छोट्याचं नावही काढलं नसतं. मोठाच घ्या. भाऊजींचे हात मजबूत आहेत, वजनाचं काही वाटणार नाही.

काल मी छोटा का म्हणालो ते सांगता येत नाही. म्हणजे येतं, पण आत्ता नको.

दादा

१८ फेब्रुवारी

भिंगरी,

मोठ्याच्याही काही अडचणी आहेत. त्यात सेटिंगं फार. एखादं चुकून बदललेलं राहिलं तर माणसाला पत्ता लागत नाही. तेव्हा घाई करू नका. मी सांगेपर्यंत कुठलाच घेऊ नका.

दादा

२ मार्च

प्रिय भिंगरी,

तू लिहिलंस: ‘दादा, तू तीन पत्रांत तीन गोष्टी सांगितल्यास. ह्यांचा एकच प्रश्न आहे. कार्ड आत नसताना कुठल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं जातं? तो सोडून दुसरा घेऊ.’

मी आधी दोन पानांचं उत्तर लिहिलं. कुठल्या कंपनीच्या कॅमेऱ्यात काय सोय असते, ती कुठे सापडते, सगळं. वाचून पाहिलं तर माहितीपत्रकासारखं झालं होतं. फाडून टाकलं. आता हे लिहितोय आणि हे फाडायचं नाही असं ठरवलंय.

दाबलं जातं. मोठ्याचं दाबलं जातं.

विकायचा कॅमेरा कार्ड नसेल तर अडून बसतो, बटण दाबू देत नाही. पण काउंटरवर दाखवायला ठेवलेले जे कॅमेरे असतात, त्यांत आम्ही कार्ड ठेवत नाही, लोक काढून नेतात. आणि गिऱ्हाइकाला बटण दाबून तर बघायचं असतं. म्हणून त्या कॅमेऱ्यांचं एक सेटिंग आम्ही बदलून ठेवतो. मग कार्डाशिवायही तो खटकन वाजतो, फोटो दोन सेकंद पडद्यावर दिसतो आणि जातो. कुठेही साठत नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तशी सूचना येते. चष्मा डोळ्यांवर असेल तर दिसते. माझा कपाळावर होता.

आईच्या वाढदिवसाला मी नेलेला कॅमेरा हा काउंटरवरचा होता. ते सेटिंग मीच, माझ्या हाताने बदललं होतं, वाढदिवसाच्याही दोनेक वर्षं आधी. आणि विसरलो होतो.

आता त्या दुपारी काय झालं ते तू माझ्या बाजूने ऐक. मी चारशे फोटो काढले असतील. आईला पडद्यावर दाखवत होतो, ती म्हणत होती, “माझं नाक एवढं मोठं आहे का रे?” सगळ्यांनी पाहिलं होतं फोटो येतायत ते. जेवणं झाल्यावर मी कॅमेरा भाऊजींच्या हातात दिला, म्हटलं, कार्ड काढा आणि लॅपटॉपवर घ्या. ते पाच मिनिटांनी परत आले आणि म्हणाले, “ह्यात कार्डच नाही.” मी म्हणालो, असं होऊच शकत नाही, कार्ड नसेल तर बटण दाबलं जात नाही, गेली तीस वर्षं मी हेच विकतोय. म्हणजे तुम्हीच काढलंत आणि कुठेतरी पाडलंत. ते म्हणाले, “मी झाकण उघडलं तेव्हा आत रिकामं होतं.” मी म्हणालो, हरवलं तर हरवलं म्हणा, खोटं कशाला बोलता? आईसमोर, काकांसमोर, सगळ्यांसमोर. सगळे माझ्या बाजूला झाले, कारण कॅमेऱ्यातलं मला कळतं.

इथपर्यंत मी खोटं बोलत नव्हतो, भिंगरी. मला खरोखर तसंच वाटत होतं. हे तुला पटावं असं मला फार वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर उघडलं, कॅमेरा जागेवर ठेवला आणि सवयीने बटण दाबून पाहिलं. खटकन वाजलं. खालचा खण ओढला तर आदल्या दिवशी विकत घेतलेलं कार्ड तिथेच होतं, पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं.

मला वाटलं, दुपारी फोन करीन. दुपारी वाटलं, संध्याकाळी स्वतः जाईन. मग तू वहिनीला फोन करून सांगितलंस की ज्या घरात माझ्या नवऱ्याला खोटारडा म्हणतात तिथे मी पाय ठेवणार नाही. मग मला जास्तच भीती वाटली. एकेक दिवस जात गेला. लाज वाटायची, तिची सवय झाली.

सगळ्यात वाईट गोष्ट मी शेवटी ठेवलीय, कारण ती लिहायला हात धजत नाही. आई जाण्याआधी आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होती. तिने मला विचारलं, “सापडलं का रे ते कार्ड?” आणि मी म्हणालो, “भाऊजी शोधतायत.” ती म्हणाली, “त्यांना ओरडू नकोस, चूक होते माणसाची.” तेव्हा ते कार्ड माझ्या खिशात होतं. मी ते सगळीकडे बरोबर घेऊन हिंडत होतो. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

भाऊजींना हे वाचून दाखव. किंवा नको दाखवूस. मला काही ठरवता येत नाही.

दादा

११ मार्च

भिंगरी,

‘मला सांगून काय होणार? त्या दिवशी हॉलमध्ये सव्वीस माणसं होती.’

एवढंच लिहिलंस. बरोबर आहे. पण तू जरा विचार कर. काकांना ऐकू येत नाही, त्यांना ओरडून सांगावं लागेल, म्हणजे सगळ्या जिन्याला कळेल. मावशीला सांगितलं तर ती आधी रडेल आणि मग स्वतःच चाळीस जणांना सांगेल. निम्म्या लोकांना तर तो दिवस आठवतही नसेल. सगळ्यांना एकच पत्र पाठवलं तर चालेल का? का नुसतं जवळच्यांना सांगू? जवळचे म्हणजे कोण, हे तू ठरवून दे.

हे लिहिताना माझं मलाच कळतंय की मी परत गिऱ्हाइकासारखं करतोय. शोकेससमोर तासभर उभं राहायचं, दोन्ही कॅमेरे हातात घ्यायचे आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणून निघून जायचं.

दादा

२४ मार्च

भिंगरी,

सांगितलं.

पहिली तुझी वहिनी. ती भांडी पुसत होती, पुसत राहिली. मग म्हणाली, “मी चार वर्षं तिच्याशी बोलले नाही. तुमची बाजू म्हणून.” त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं होतं ती मला समजून घेईल. ते माझं चुकलंच.

मग एकेकाच्या घरी गेलो. काकांना ओरडून सांगितलं. ते म्हणाले, “मग तेव्हा का नाही बोललास?” मी म्हटलं, लाज वाटली. त्यांना ‘लाज’ ऐकू आलं नाही म्हणून तीनदा मोठ्याने म्हणावं लागलं. शेजारच्या बाई दार उघडून बघायला लागल्या. मावशी रडली नाही. मला घराबाहेर काढलं तिने, चप्पल घालायलाही थांबू दिलं नाही. तुझ्या चुलत नणंदेला तो दिवस आठवतच नव्हता, तिला आधी सगळं आठवून द्यावं लागलं आणि मग माफी मागावी लागली. मालकांनाही सांगितलं. ते नुसते हं म्हणाले आणि तो कॅमेरा काउंटरवरून उचलून मागच्या कपाटात ठेवला.

सव्वीसांतले तेवीस झाले. दोघं परगावी आहेत, त्यांना पत्र लिहिलं. उरली एक.

तिला सांगायचं राहिलं, भिंगरी. ह्याचं काय करायचं ते मला सुचत नाही. तुझ्याकडे काही उत्तर असेल तर कळव, नसेल तरी कळव.

दादा

५ एप्रिल

प्रिय भिंगरी,

काल पाकीट आलं. वरचं अक्षर तुझं नव्हतं. एकेक अक्षर वेगळं, लिफ्टच्या दाराजवळ सूचना लिहितात तसं. मी ते दुपारपर्यंत उघडलं नाही.

भाऊजींनी लिहिलंय:

‘रिटायर झाल्यावर कपाट आवरलं. जुना छोटा कॅमेरा निघाला. चार्ज केला. कार्ड नव्हतं, पण त्या कॅमेऱ्याच्या पोटात थोडी जागा असते, त्यात एक फोटो होता. तो छापून पाठवतोय. दुसरा काढणार होतो, तेवढ्यात तुम्ही कॅमेरा आत ठेवायला सांगितलंत. आता हा फोटो लॅपटॉपवर घेतल्यावर त्याची लेन्स आत जाईना, तो बंद पडला. म्हणून नवा हवाय. कुठला, ते तुम्हीच ठरवा. त्यातलं तुम्हाला जास्त कळतं.’

हा टोमणा आहे का? मी दहा वेळा वाचलं. भाऊजींना टोमणे मारता येत नाहीत, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच मला जास्त गोंधळल्यासारखं होतंय. टोमणा असता तर सोपं गेलं असतं.

फोटो तू माझ्या आधीच पाहिला असशील. तरी सांगतो. हॉलच्या अगदी मागच्या भिंतीजवळून, झूम पूर्ण ताणून काढलाय. दाणे आलेत. आईच्या साडीचा रंग धड लाल नाही, धड तपकिरी नाही. हात हलल्यामुळे कडा पुसट. डाव्या बाजूला तू, नेहमीप्रमाणे हललेली, अर्धं तोंड गायब. लहानपणापासून तुझा एकही फोटो स्थिर आला नाही, म्हणून तर भिंगरी. उजवीकडे मी, खुर्चीवर चढलेलो, डोळ्याला तो मोठा कॅमेरा, पोट बाहेर, चष्मा कपाळावर. गिऱ्हाइकाने असा फोटो काउंटरवर आणला असता तर मी त्याला कॅमेरा बदलायला सांगितलं असतं.

आणि मधे आई. ती हसतेय, दात नसलेली जागा दिसतेय. मला आधी वाटलं ती माझ्याकडे बघतेय. मग मी फोटो ट्यूबलाइटखाली धरला. ती माझ्याकडे बघत नाहीये. सबंध दुपार मी तिला ‘इकडे बघ, आई, इकडे’ म्हणून दमवलं होतं. ह्या फोटोत ती माझ्या कोपराच्या बाजूने मान काढून थेट मागे, लांब उभ्या असलेल्या जावयाकडे बघून हसतेय.

दुकानात एक बाई आल्या होत्या, त्या दोन कॅमेरे समोर ठेवून विचारत होत्या, यातला चांगला कुठला? मी म्हटलं, बाई, मला माहीत नाही. खरंच म्हटलं.

रविवारी अकरा वाजता येतो. छोटा आणतोय. घरात पिवळे दिवे आहेत, दाणे येतील, मला माहीत आहे. येऊ देत. नवं कार्ड घातलं, फोटो काढून पाहिला. मग कार्ड काढून बटण दाबलं. पोटातल्या जागेत फोटो साठला. पुन्हा दाबलं, तोही साठला. मगच कॅमेरा डब्यात भरला. खिशातलं जुनं कार्डही आणतोय, पाकिटासकट. त्याचं काय करायचं ते भाऊजींनी ठरवावं.

दार तू उघड. त्यांनी उघडलं तर पहिला शब्द काय बोलायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

तुझा,
दादा